सहा लाख कोळंब्यांना सुई मारणार कोण?

रविवारी आमच्या पेठेतल्या ग्रुपवर मेसेज आला: "तळ्यात वाढवलेल्या प्रत्येक कोळंबीला विषाणूची लस टोचतात. कवचावरचे पांढरे ठिपके म्हणजे सुईच्या खुणा. तो जिवंत विषाणू आपल्या पोटात जातो. कोळंबी बंद करा!" दुपारपर्यंत तिघांनी मटण आणलं. (कोल्हापुरात मटणाला कारण लागत नाही, ते सोडा.)

आधी टोचण्याचं बघू. व्हेनामी (तळ्यात वाढवतात ती कोळंबीची एक जात) कोळंबीच्या तळ्यात चौरस मीटरला 60 पिल्लांपर्यंत सोडायची मुभा आहे, म्हणजे हेक्टरला 6 लाख. बोटाएवढ्या जिवाला एकेक धरून सुई? म्हणून तर संशोधक खाद्यातून लस देता येते का ते बघतायत.

ठिपके असतात, पण ते व्हाइट स्पॉट या विषाणूमुळं होणाऱ्या रोगाचे. कवचात कॅल्शियमचे क्षार साचून ते उमटतात. 1990 च्या दशकात हा रोग आशियाभर पसरला, भारतातही आला. लक्षणं दिसल्यावर 3 ते 10 दिवसांत अख्खं तळं रिकामं होऊ शकतं.

आता 'जिवंत विषाणू'. या रोगावरच्या लशीचे सगळ्यात जास्त प्रयोग व्हीपी28 या प्रथिनावर झालेत. ते व्हाइट स्पॉटच्या विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं. जिवाणूंकडून तेवढंच बनवून घेतात आणि खाद्यात मिसळतात. नुसतं सालपट, त्यातून विषाणू उगवत नाही.

खरी गंमत मेसेजवाल्याला कळलीच नाही. आपल्याला एकदा गोवर झाला की शरीर तो लक्षात ठेवतं, अँटिबॉडी तयार ठेवतं. कोळंबीच्या अंगात अँटिबॉडी बनतच नाहीत. मग लस चालते कशी? व्हीपी28 खाल्लेल्या कोळंब्या प्रयोगात जास्त तगल्या, पण ते बळ काही आठवड्यांत ओसरतं, आणि पीक तीन-चार महिन्यांचं! दुसरी वाट दुहेरी धाग्याच्या आरएनएची (आरएनए म्हणजे जनुकाचा संदेश वाहणारा रेणू). विषाणूच्या जनुकाशी जुळणारा तुकडा दिला की कोळंबीच्या पेशी तो कापतात आणि त्याच्याच मापानं विषाणूचे संदेशही कापून टाकतात. प्रयोगाच्या टाकीत हे जमतं. तळ्यात, लाखोंना, परवडेल अशा दरात पोचवायचं, तिथं घोडं अडलंय.

राहिलं आपलं पोट. हा विषाणू माणसाला लागत नाही. खेकड्यांना मात्र लागतो, आणि फ्रीजरमधल्या थंडीतही टिकतो. त्यामुळं कच्च्या कोळंबीची टरफलं पंचगंगेत टाकणाऱ्याला मी ओरडेन, रस्सा ओरपणाऱ्याला नाही.