सिम्युलेटरमध्ये द्रव नसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

लॅब ऑटोमेशनच्या, म्हणजे लॅबमध्ये द्रव मोजून सोडणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममधल्या प्रत्येक डेव्हलपरने आठवड्यातला अर्धा दिवस लॅबमध्ये बसावं, या माझ्या मुद्द्यावर तुमचा आक्षेप असा: सिम्युलेटरवर (मशीनच्या संगणकातल्या नकलेवर) टेस्ट पास होत असतील तर हा वेळ वाया जातो, पिपेटिंग, म्हणजे द्रव मोजून ओढणं-सोडणं, लॅबवाल्यांनी बघावं, मॅनेजरने स्प्रिंट (कामाचा ठरलेल्या मुदतीचा टप्पा) सांभाळावा.

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमधला एक दिवस जातो, हे खरंच आहे. सिम्युलेटरही हवाच. मशीनचा हात द्रवाच्या प्लेटला धडकेल का, टिपा (द्रव ओढायच्या टोकदार नळ्या) पुरतील का, हे तिथेच पकडायचं. पण ५० टक्के ग्लिसरॉलमधलं, म्हणजे पाण्याहून घट्ट द्रवातलं, एन्झाइम घ्या. पाण्याच्याच वेगाने ओढलं तर पिस्टन थांबतो, द्रव मात्र टिपेत चढतच असतो. तेवढ्यात टीप वर आली की खालून हवा शिरते आणि माप कमी भरतं. मशीनच्या लॉगमध्ये १० मायक्रोलिटर पूर्ण दिसतात! वेग कमी करायचा, टीप दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, ओढल्यावर एक-दोन सेकंद आत थांबायचं, मग सावकाश वर घ्यायची. नेमके आकडे द्रवागणिक बदलतात आणि ते वजनकाट्यावरच ठरतात. २५ अंशांना १०० मायक्रोलिटर पाणी ९९.६ मिलिग्रॅमच्या आसपास भरायला हवं. ग्लिसरॉलचं मिश्रण असेल तर वजनाला त्या मिश्रणाच्या घनतेने भागा. दहा वेळा मोजा. ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर १० मायक्रोलिटर मात्र तपासू नका, तिथे काट्याचं एक घर म्हणजेच मापाचा एक टक्का. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत भांड्यावर झाकणही हवं, नाहीतर मोजतामोजता पाणी उडतं.

दुसरी गोष्ट वीज. ती जाऊन मशीनचा रन मध्येच बंद पडला तर प्लेटवरच्या कोणत्या वेलमध्ये (खळग्यात) द्रव पडलाय? प्रत्येक वेलसाठी ‘सुरू’ आणि ‘झालं’ अशा दोन नोंदी, दोन्ही लगेच डिस्कवर. नुसतं ‘सुरू’ दिसलं तर मशीनने स्वतःहून पुन्हा सोडू नये, माणसाला विचारावं. नाहीतर एका वेलमध्ये दुप्पट डोस जातो आणि रिझल्ट येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. कोड हिंजवडीत आणि लॅब पाषाणला असेल, तर ही गरज बग म्हणून कळायला महिने लागतात.

म्हणून कामाचं कार्ड बोर्डवर ‘डन’मध्ये सरकवण्याआधी लॅबमधल्या माणसाची सही हवी, आणि पास-नापासाचा आकडा कोड लिहिण्याआधी त्याच्याशी बसून ठरवायला हवा. स्प्रिंट सांभाळणं म्हणजे माझ्या मते हेच.

एक शब्द मात्र मागे घेतो: ‘प्रत्येक’. रिपोर्टचे स्क्रीन करणाऱ्याला दर आठवड्याला पाठवायची गरज नाही. द्रवांची सेटिंग्ज आणि एरर-रिकव्हरी (रन बंद पडल्यावर सावरण्याचा कोड) लिहिणाऱ्यांनी जावं, तेही त्यांचाच कोड मशीनवर चालणार असेल त्या दिवशी.