बॅलीनाहिंचचा वाडा रणजींनी बांधलेला नाही

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे परगण्यातल्या कॉनेमारात, नदीकाठी बॅलीनाहिंच कॅसल नावाचं हॉटेल आहे. त्याच्या फोटोखाली एक मजकूर सध्या फिरतोय. सातशे वर्षांचा हा पडका किल्ला म्हणे आपल्या जामनगरच्या राजाने, क्रिकेटपटू रणजींनी, जुलमी इंग्रज जमीनदारांच्या तावडीतून सोडवला, नव्याने बांधला, ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून तिथे राहिले आणि जाताना त्याचं हॉटेल करून गेले. यात खरं एवढंच, की रणजींनी तो विकत घेतला होता आणि ते तिथे राहिले होते.

पहिली गोष्ट किल्ल्याची. जुना बुरूज आहे, पण तो जवळच्या तळ्यातल्या बेटावर. तो ओफ्लाहर्टी या गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, सरदारांचा. समुद्रावर हुकूमत गाजवणाऱ्या ग्रेस ओ'मॅलीचा पहिला नवरा डोनल याच घराण्यातला. फोटोत दिसतो तो नदीकाठचा वाडा. तो अठराव्या शतकात मार्टिन घराण्याने उभारला, आणि त्याला किल्ल्यासारखं रूप नंतर दिलं गेलं.

'जुलमी इंग्रज जमीनदार' हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. मार्टिन गॉलवेचेच, पिढ्यान् पिढ्यांचे. जमीनदार होते, कुळांच्या खंडावर जगत होते, हे नाकारायचं कारण नाही. पण याच घरातला रिचर्ड मार्टिन १८२२ साली ब्रिटिश संसदेत घोडे, गाई-बैल, मेंढ्या यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा मंजूर करून घेतो. संसदेत त्याची टर उडवली जायची. तरी तो हटला नाही. कायदा झाल्यावर गाढवाला झोडपणाऱ्या एका फेरीवाल्याला त्याने स्वतः कोर्टात खेचलं. १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. त्याच धर्तीची संस्था १८७४ साली मुंबईत निघाली. परळचं बैलघोडा हॉस्पिटल चालवते ती हीच. मराठी माणसाला बॅलीनाहिंचशी नातं सांगायचंच असेल, तर माझ्या मते हे नातं रणजींच्या नात्याहून जवळचं आहे.

रिचर्डचा मुलगा थॉमस. बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळात तो क्लिफ्डनच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात आपल्या कुळांना भेटायला गेला, तिथे त्याला दुष्काळी ताप लागला आणि १८४७ साली तो त्यातच गेला. त्याची मुलगी मेरी हिच्या वाट्याला लाखो एकरांच्या मालमत्तेसोबत कर्जाचा डोंगर आला. सगळं हातचं गेलं, आणि १८५० साली बाळंतपणानंतर ती न्यूयॉर्कमध्ये वारली. जमीन लंडनच्या एका विमा कंपनीने घेतली. अशा घराण्याला एका शब्दात 'जुलमी' ठरवणं अन्यायाचं आहे.

'पडका' हेही चूक. १८७० च्या दशकात लंडनच्या बेरिज या बिअर-कारखानदारांनी ती मालमत्ता घेतली आणि वाड्याची डागडुजी करून राहायला आले. रणजींनी १९२० च्या दशकात घेतला तो नांदता वाडा.

आता 'ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून'. १९२२ च्या डिसेंबरात आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं होतं. रणजी तिथे गेले तेव्हा राज्य आयरिश लोकांचं होतं. आणि रणजी ब्रिटिशांच्या विरोधातले नव्हतेच. १८९६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ काढले ते इंग्लंडकडून. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यासोबत फ्रान्समध्ये होते. ते कॉनेमारात गेले ते सॅल्मन माशांच्या ओढीने. १९१५ साली शिकारीतल्या अपघातात एक डोळा गमावलेला हा माणूस उन्हाळ्यात इथल्या नदीवर गळ टाकून उभा राहायचा.

त्यांचं खरं काम तिथेच दिसतं. मासेमारीला सोयीचं व्हावं म्हणून नदीकाठी धक्के बांधून घेतले, बागा आणि झाडी वाढवली, गावातल्या माणसांना कामं दिली. हे श्रेय त्यांचं, आणि ते पुरेसं मोठं आहे.

हॉटेल मात्र त्यांनी केलेलं नाही. २ एप्रिल १९३३ रोजी जामनगरला त्यांचं निधन झालं. वाडा पुतण्या दिग्विजयसिंहजींकडे गेला, मग विकला गेला, आणि आयर्लंडच्या पर्यटन मंडळाने तो घेऊन १९४६ साली तिथे हॉटेल सुरू केलं. रणजींना जाऊन तोवर तेरा वर्षं झाली होती.