त्याच हॉलमध्ये

काल आमच्या गावच्या हॉलमध्ये नाटक पाहिलं. गाव म्हणजे वेल्सच्या सरहद्दीजवळचं खेडं. एक चर्च, एक पब, दिवसातून दोनदा येणारी बस. नाटकवाले चारच जण. जी बाई व्हॅन चालवत आली, तीच पहिल्या अंकात आई आणि मध्यंतरात कप विसळायला उभी. नेपथ्य काय, तर सहा जुन्या सूटकेसी. त्यांचाच आगगाडीचा डबा, त्यांचीच शाळा, त्यांचंच घर.

विषय १९३९चा. युद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, १ सप्टेंबरला, ब्रिटननं शहरांतली मुलं खेड्यांत हलवायला घेतली. चार दिवसांत सुमारे १५ लाख माणसं, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी पोरं, आईबापांशिवाय. गळ्यात गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, कोटाला नावाची चिठ्ठी. कुठं चाललोय ते बहुतेकांना ठाऊक नाही. उतरल्यावर हॉलमध्ये उभं करायचे आणि गावकरी येऊन निवडायचे. धडधाकट पोरगा शेतावर कामाचा, तो आधी जायचा. मळकी, रडकी, भावंडाचा हात न सोडणारी पोरं शेवटी उरायची. एका मुलामागं सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग द्यायचं, जास्त ठेवली तर प्रत्येकी साडेआठ.

हा प्रवेश त्यांनी दिवे न मालवता केला. चौघं खाली उतरून पहिल्या रांगेसमोर उभे राहिले, आमच्याकडं बघत. संवाद नाही. चाळिशीचा, टक्कल पडलेला नट, कोटाला चिठ्ठी, आणि माझ्या मनात चक्क आलं, हा नको, ती शेजारची बरी दिसतेय. मग लाज वाटली. माझ्यामागं नव्वदीच्या एक आजी होत्या, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आम्ही त्या खिडकीपाशी उभे होतो." नट जागचा हलला नाही. त्याचं कौतुक वाटलं.

शहरातल्या थिएटरात हे जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. तिथं आपण प्रेक्षक असतो. इथं आपण त्याच खुर्च्या मांडणारे, तेच गावकरी.

दुसरा अंक मात्र ढिला. व्हायोलिन फार. खरं तर बॉम्ब पडेनात म्हणून १९४०च्या जानेवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुलं घरी परतली होती. त्या घरी परतण्यात केवढं नाटक आहे! त्यांनी ते दोन वाक्यांत उरकलं.

घरी येताना डोक्यात वळिवडे, कोल्हापूरजवळचं गाव. मी कोल्हापूरची. १९४३ ते १९४८ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. रशियानं सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलेली, इराणमार्गे सुटलेली. काहींचे आईबाप वाटेतच गेले. फाळणीनंतर तिथंच सिंधी निर्वासित आले, ते आजचं गांधीनगर. दर दिवाळीला आम्ही तिथं कपडे घ्यायला जायचो, छावणीबद्दल कुणी एका शब्दानं बोललं नाही. २०२४मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी गेले तेव्हा मात्र आमच्या वर्गाच्या ग्रुपवर अभिमानाला पूर आला होता, पंचगंगेसारखा.

यावर नाटक करा. पण पुण्यात एलईडी पडद्यावर बर्फ पाडून नको, आणि संस्थानच्या औदार्याचे गोडवे गाणारंही नको. बर्फातून आलेलं आठ वर्षांचं पोर कोल्हापूरच्या जूनच्या पावसाकडं कसं बघत असेल, तेवढं दाखवा. पहिला प्रयोग गांधीनगरला, कापडाच्या गाळ्यांमागं एखाद्या हॉलमध्ये. समोर सिंधी आज्या बसलेल्या असू देत, त्यांनाही सूटकेसी कळतात. मग वळिवडे, मग रुकडी.

कोल्हापूरच्या नाटकवेड्यांनो, तुमच्यातल्या निम्म्यांना मी राज्य नाट्य स्पर्धेत तीन-तीन भूमिका करताना पाहिलंय, चार माणसं तुम्हाला भारी नाहीत. सूटकेसी माझ्या माहेरच्या माळ्यावर आहेत. टेम्पोचं डिझेल माझ्याकडून.