फोन सहीला आत गेलाय

रात्री साडेदहाला फोनने विचारलं, "नवीन अपडेट आता इन्स्टॉल करायचं की नंतर?" मी 'नंतर'वर बोट ठेवलं. चष्मा उशाशी राहिला होता, त्यामुळे ते 'आता'वर पडलं असणार. खरं तर 'नंतर' हा शब्द शोधायला मला चष्मा लागायला नको. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षं काढली आहेत मी. नंतर, उद्या, सोमवारी आणि साहेब आल्यावर, या चार शब्दांवर माझं घर उभं आहे.

पडदा काळा झाला. मग कंपनीचं नाव उमटलं, त्याखाली एक गोल फिरू लागला आणि फिरतच राहिला. बायकोने कूस बदलून विचारलं, "आता काय करताय?"

"फोन आत गेलाय."

"कुठे आत?"

"सहीला."

"मग येईल उद्या," म्हणून ती झोपली. माझ्याबरोबर संसार केल्यामुळे सरकारी प्रक्रियेची तिला उत्तम जाण आहे.

सकाळी फोन बाहेर आला, पण तो आमचा राहिला नव्हता. आमची कचेरी जुन्या इमारतीतून नव्यात हलली तेव्हा पहिले तीन महिने लोक टपालाच्या टेबलाशी येऊन पाण्याचा माठ मागायचे आणि माठाशी अर्ज घेऊन उभे राहायचे. तशी गत. घड्याळ एवढं मोठं झालं होतं की मोतीबिंदूच्या शिबिरात भिंतीवर टांगावं. टॉर्च पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर गेला होता. लाइट गेल्यावर अंधारात बोटं सरकवत टॉर्च शोधायचा, म्हणजे काडेपेटी शोधायला काडी ओढण्यासारखं झालं. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण वेग! एखादं चित्र दाबावं, काही होऊ नये, म्हणून पुन्हा दाबावं, तरी काही होऊ नये. तिसऱ्यांदा दाबायला जावं तर पहिल्या दोन्ही अर्जांवर एकदम कारवाई होऊन वर तिसराच कागद उघडलेला. एका सकाळी मी हवामान बघायला गेलो आणि सोसायटीच्या चेअरमनना व्हिडिओ कॉल लागला. ते दाढी करत होते. त्यांनीही तो घेतला, हा त्यांचा मोठेपणा.

पुतणीच्या लग्नाला वाईला गेलो, तिथे तर फोनने लाजच काढली. मंगलाष्टका शेवटच्या कडव्याला आल्या तेव्हाच मी कॅमेरा उघडायला दिला, म्हणजे बिचाऱ्याला पुरेसा अवधी मिळावा. 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घालून झाले, बँड वाजला, मामा मंडळी घाम पुसत स्टेजवरून उतरली, आणि मग फोनने 'खट्' केलं. त्या फोटोत बँडवाल्याची तुतारी, एका अनोळखी बाईंचा अंबाडा आणि कोपऱ्यात रिकामं झालेलं अक्षतांचं ताट आहे. कुणी विचारलं तर मी सांगतो की वधूवर तुतारीच्या मागे आहेत.

पण खरा घोळ झाला तो आक्कामुळे.

आक्का माझी थोरली बहीण. रोज सकाळी साडेसातला तिचा फोन येतो. अपडेटनंतरच्या पहिल्या सकाळी फोन वाजला. नुसताच वाजला. नाव नाही, फोटो नाही, हिरवं बटणही नाही. पडद्यावर शांतपणे अजिंक्यताऱ्याचं चित्र, आणि आतून 'ट्रिंग ट्रिंग'. मी पडद्यावर सगळीकडे बोटं फिरवली. कुठेतरी ती लागू पडली आणि पलीकडून "हॅलो" ऐकू आलं. तीस वर्षांपूर्वीच्या काळ्या डबड्यावर बोलायचो तसा मी ओरडलो, "हॅलो! कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे?" आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. वास्तविक आवाजावरून ओळखायला हवं होतं. पण फोन उचलायच्या झटापटीत माणसाचं अर्धं लक्ष बटणातच अडकलेलं असतं. तिसऱ्या दिवशी मी "कोण, कुणाशी बोलायचंय?" असंही म्हणालो. आक्का काही बोलली नाही. फक्त हळू आवाजात विचारलं, "काल रात्री काय जेवलास, आठवतंय का रे?" मला वाटलं, मायेने विचारते आहे. "पिठलं," मी म्हणालो. तेवढ्यात फोन आपणहून बंद पडला.

शनिवारी सकाळी पुण्याहून भाचा दारात. तो संगणकाच्या कंपनीत आहे. मला आनंद झाला, म्हटलं फोनचं कळल्यावर धावत आला. चहा होईपर्यंत त्याने मला आजचा वार विचारला. मग महिना. मग सहजच विचारल्यासारखं, "मामा, आपले मुख्यमंत्री कोण?" त्यावर मी म्हणालो, "आज सकाळचा पेपर अजून आलेला नाही, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही." तेव्हा कुठे त्याला हायसं वाटलं. आक्काने त्याला फोन बघायला नव्हे, मला बघायला पाठवलं होतं.

माझी स्मृती शाबूत असल्याचा निर्वाळा आक्काला देऊन झाल्यावर त्याने फोन हातात घेतला.

"मामा, चौदावं आलंय. अँड्रॉइड १४."

"माझं काय चुकलं होतं?"

"त्याचं आतलं नाव माहितीये? अपसाइड डाउन केक."

म्हणजे उलटा केक! इतका प्रांजळपणा मी कुठल्याही परिपत्रकात पाहिलेला नाही. मग त्याने सगळी कुळकथा सांगितली. २००९ मध्ये कपकेकपासून या लोकांनी प्रत्येक आवृत्तीला गोडाची नावं द्यायला सुरुवात केली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. डोनट, जेलीबीन, किटकॅट, असं करत २०१८ मध्ये गाडी 'पी'वर आली. मी सातारकर. कान टवकारून बसलो. 'पी' म्हटल्यावर जगात दुसरं काय असतं? आमचा कंदी पेढा! तर त्यांनी नाव ठेवलं 'पाय'. पेढा सोडून पाय! पुढच्याच वर्षी गोडाची नावं बंद करून नुसता दहा आकडा लावला. पण भाचा म्हणतो, बंद फक्त चारचौघांत. आत कामापुरती ती चालूच आहेत, तेरावं तिरामिसू, चौदावं हा उलटा केक, सोळावं बकलावा. आमचे अव्वल कारकून मधुमेह निघाल्यावर असंच करायचे. कुणी देखत दिलं तर हात जोडून नको म्हणायचे, आणि साठच्या सालातल्या कागदांच्या रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांमागे पेढ्याचा पुडा सापडायचा.

"पण हा चालत का नाही?" मी मूळ मुद्द्यावर आलो.

भाच्याने सांगितलं ते मला चक्क समजलं, आणि माझीच मला भीती वाटली. आवृत्ती बदलली की फोनला प्रत्येक अॅप आपल्या सोयीच्या भाषेत नव्याने मांडून ठेवावं लागतं. शिवाय फोटोंची यादी पुन्हा लावायची, शोधायची सूची पुन्हा करायची. म्हणजे रेकॉर्ड वर्गीकरण! आमच्याकडे वरून नवीन वर्गवारी आली की अ, ब, क, ड करत सगळे गठ्ठे सोडून पुन्हा बांधावे लागायचे. त्या दिवसांत खिडकीशी आलेल्या माणसाला नक्कल मिळणं शक्यच नसायचं, कारण आम्ही काम करत असायचो. फोनही रिकामा बसलेला नाही, हे ऐकून मला जरा गहिवरल्यासारखं झालं.

"रात्री चार्जिंगला लावून ठेव. तो निवांत असताना, कुणी बघत नसताना हे काम उरकतो," भाचा म्हणाला.

कुणी बघत नसताना काम करणारा माणूस मी एकतीस वर्षांत एकच पाहिला. त्याची बदली झाली.

मग त्याने जागा बघितली. चौसष्ट जीबीतले जेमतेम दीड शिल्लक. फोनच्या स्मृतीत म्हणे लिहिलेल्यावर लिहिता येत नाही. एक कागद बदलायचा तर अख्खा गठ्ठा उचलून रिकाम्या फळीवर न्यायचा, तिथे नीट लावायचा आणि मग जुनी फळी पुसायची. फळीच रिकामी नसेल तर? मी त्याला मध्येच थांबवलं. पोरा, हे तू मला सांगतोस? फळी रिकामी नसेल तर गठ्ठा डोक्यावर धरून उभं राहावं लागतं. मी राहिलो आहे, मार्च एंडला.

जागा कशाने भरली होती? सुप्रभाताने. तीन हजार आठशे सुप्रभातं निघाली. गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा, दोन पोपट, विठ्ठल, पुन्हा गुलाब. त्यातली हजारभर एकट्या आक्काची. यात मला कमीपणा वाटायचं कारण नाही, भाच्याने धीर दिला. भारतातले फोन का गुदमरतात हे शोधताना खुद्द गुगलच्या माणसांना हीच चित्रं सापडली होती, आणि फोन झाडून काढायचं त्यांचं जे अॅप २०१७ च्या डिसेंबरात आलं त्याला ती नेमकी वेचायला शिकवलेलं आहे. आम्ही सुप्रभातं निर्लेखित केली. निर्लेखन हा आमचा शब्द. रद्दी म्हटलं की चौकशी लागते.

"कंपन्या मुद्दाम करतात म्हणे हे, नवीन फोन घ्यावा म्हणून," आतून बायको म्हणाली. तिला नवीन फोन घ्यायचाच होता, माझा जुना तिला नको होता, एवढंच.

भाचा म्हणाला, अगदीच काही नाही असं नाही. अॅपलने २०१७ च्या डिसेंबरात कबूल केलं होतं की जुन्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो. बॅटरी थकली की अचानक जादा वीज मागितल्यावर ती टिकत नाही आणि फोन बंद पडतो, म्हणून. पुढच्या वर्षी इटलीने अॅपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड ठोकला, कारण जुन्या फोनला न झेपणारी अपडेट घ्यायला लावली आणि परिणाम नीट सांगितले नाहीत. बायको "बघा!" म्हणाली. मला मात्र बॅटरीच्या बाबतीत कंपनीचं म्हणणं काही अंशी पटलं. आमच्या शिपायाच्या मणक्यात गॅप पडली तेव्हा साहेबांनी त्याला वरच्या फळीचं काम बंद करून हलकं टेबल दिलं. रीतसर आदेश काढून दिलं, आवक-जावकला नोंद करून दिलं. कंपनीची चूक झाली ती तिथे. आदेशच काढला नाही.

शेवटी भाच्याने गुप्त उपाय काढला. सेटिंगमध्ये बिल्ड नंबर असतो, त्यावर सात वेळा टिचकी मारायची. मी मारली. सातव्या टिचकीला फोनने जाहीर केलं की मी आता डेव्हलपर आहे. एकतीस वर्षांत मला एकच बढती मिळाली होती, तीही कोर्टात जाऊन. आत अॅनिमेशनचे तीन आकडे होते, ते एकावरून अर्ध्यावर आणले, आणि फोन बऱ्यापैकी पळू लागला.

"म्हणजे आता काम लवकर करतो?"

"काम तेवढ्याच वेळात करतो, मामा. खिडक्या सरकत यायच्या, विरघळत जायच्या, ते नाटक निम्मं केलं."

हे तंत्र मला ठाऊक आहे. अर्ज हातात घेऊन आधी चष्मा पुसायचा, मग उजेडाकडे धरायचा, मग "हं" म्हणायचं. यातलं निम्मं कमी केलं तरी माणसाला वाटतं की आज कचेरी फार वेगाने चालली आहे. मी कधी कमी केलं नव्हतं, ते सोडा.

जाता जाता भाच्याने आणखी एक गंमत दाखवली. आवृत्तीच्या नोंदीवर पुन्हा पुन्हा टिचकी मारली की चौदाचं बोधचिन्ह येतं. ते दाबून धरलं की आपण अंतराळयानात! तारे, ग्रह, यान सगळीकडे भटकतंय, एकदाही अडखळत नाही. आक्काचं नाव पडद्यावर आणायला ज्याला जमत नव्हतं तो मला सूर्यमालेबाहेर घेऊन चालला होता.

पुढच्या चार दिवसांत फोन बराच ताळ्यावर आला. आक्काचं नाव दिसू लागलं. तरी आता मी फोन उचलल्यावर आधी तिचं नाव घेतो, मग आजचा वार सांगतो, मग बोलतो.

फक्त पैसे देताना त्याची जुनी खोड अजून उफाळते. परवा आक्काकडे न्यायला अर्धा किलो कंदी पेढे घेतले. गर्दी होती. कोड स्कॅन केला, पिन घातला, गोल फिरू लागला. काउंटरवरचा डबा मुका. मालक माझ्याकडे, मी गोलाकडे, मागची रांग माझ्या पाठीकडे. रांगेत माझ्या लगेच मागे जावळीकडचे एक म्हातारबा होते, डोक्याला पांढरा पटका. बराच वेळ मला न्याहाळून ते म्हणाले, "सायेब, तुमी रेकाॅर्डला व्हता न्हवं?"

होतो म्हटलं.

"वळखलं मी. फेरफाराच्या नकलंसाठी सात येळा आलतो तुमच्याकडं."

सात. सात टिचक्यांत फोनने मला निदान डेव्हलपर तरी केलं होतं. मी ओशाळून म्हणालो, "आजोबा, तुम्ही पुढे या, घ्या तुमचं. हे काय चाललंय ते मलाच कळत नाही. नुसतं फिरतंय."

म्हातारबांनी वाकून पडद्यावरचा गोल नीट पाहिला. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पाय जरा फाकवून ऐसपैस उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या सायेब, घाई न्हाई," ते म्हणाले. "आत जेवाय गेलं आसत्याल."