मायचा खडा आणि आपली लाज

मायच्या डाव्या किडनीतला खडा काढून महिना झाला. आता लिहितो.

मूतखडा म्हटल्यावर गावात जो तो डॉक्टर. पालक-टमाटर बंद करा, बोअरचं पाणी सोडा, हुलग्याचा काढा द्या, पानफुटी खाऊ घाला. एका पाव्हण्यानं तर बीअर सुचवली. माझ्या मायला!

पण हा खडा टमाटरचा नव्हताच, लघवीच्या इन्फेक्शनचा होता. प्रोटियससारखे काही जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात. त्यानं लघवी अल्कलाइन (आम्लाच्या उलट, सोड्यासारखी) होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट मिळून खडा धरतो. त्याला स्ट्रुवाइट म्हणतात. काही महिन्यांत तो किडनीभर पसरू शकतो. मायचा सीटी स्कॅनमध्ये सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला दिसला. (सांबर म्हणजे जनावर, भाजीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, नव्हे.) एवढा मोठा, पण जमिनीवर लोळवणारी कळ एकदाही आली नाही. नुसती कंबर जड आणि मधूनच हुडहुडी भरून ताप.

उन्हाळी, म्हणजे लघवीची आग, मात्र तिला दर दोन-तीन महिन्यांनी लागायची. कापूस वेचणीत मजुरी किलोवर. पाणी प्यायला उठलं की वजन घटतं, आणि प्यायलं तर जायचं कुठं? धुऱ्यावर माणसं, तुरीच्या ओळी लांब. म्हणून सकाळपासून पाणीच कमी प्यायचं अन् लागली तरी दाबून धरायची. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शनला असंच फावतं.

आणि मी काय करायचो? मेडिकलमधून चार गोळ्या आणून द्यायचो. दोन घेतल्या की आग थांबायची, उरलेल्या डब्यात. लघवीचं कल्चर, म्हणजे कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी, कधी केलंच नाही. जंतू खड्याच्याही आत दडून बसतात, नुसत्या गोळ्यांनी ते संपत नाहीत. वरून खायच्या सोड्याचं पाणी देत होतो, म्हणजे आधीच अल्कलाइन लघवी आणखी अल्कलाइन!

शेवटी पाठीतून दुर्बीण घालून खडा फोडून काढला. तुकडा मागं राहिला तर पुन्हा वाढतो, म्हणून आता तपासण्या सुरू आहेत.

मला राग येतो तो याचा, की घरात बीपी-शुगर चारचौघांत बोलतात, लघवीचं नाव काढलं की सगळे खाली बघतात. मीही त्यातलाच. काल कल्चरसाठी नमुना द्यायचा होता. माय ती इवलीशी बाटली पदराखाली लपवून एसटीत बसली, आणि दवाखाना येईपर्यंत तिनं हात बाहेर काढला नाही.