नंबर सांगा, मोजे घ्या, उड्या मारा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकला की पोट्ट्यांना घेऊन जायचं कुठं, तर एसीवाल्या गेम झोनमध्ये. पण राजेहो, अशा ठिकाणी रिकाम्या हातानं जाऊ नका. चालू मोबाईल नंबर, पोरांच्या जन्मतारखा, लग्नाची तारीख (बायकोला विचारून घ्या, तिथं चुकलात तर शोभा होते) आणि आधारची झेरॉक्स सोबत ठेवा. झेरॉक्स पूर्ण आकडेवालीच न्या. फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात तसलं मास्कवालं आधार दाखवलं की काउंटरवरच्या पोराचं मन दुखतं, तो म्हणतो "सर, हे अर्धंच प्रिंट झालं."

आता रजिस्टर. आमच्या भागातल्या एका गेम झोनमध्ये, नाव नाही घेत, दोनशे पानी रजिस्टर आहे, त्याला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन, आणि तुम्ही सही करता तेव्हा वरच्या अठरा-वीस लोकांचं नाव, नंबर, पत्ता, कोण किती पोरं घेऊन आलं, सगळं समोर उघडं असते. घाई करू नका, निवांत वाचा. मला तिथंच कळलं की आमच्या सोसायटीतले एक जण, जे त्या दिवशी मीटिंगला "तब्येत बरी नाही" म्हणून आले नव्हते, ते ट्रॅम्पोलिनवर होते. एवढी माहिती तर आमच्या वॉचमनकडे पण नसते.

कोणी शहाणा म्हणन की लोकांची खाजगी माहिती जपायचा, डेटाचा कायदा आला ना बाप्पा. आला ना, २०२३ मध्ये आला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मालकाला ज्या कलमांनी घाम फुटावा ती लागू व्हायला वरून १८ महिने दिले, म्हणजे तोवर आपली पोरं एक बूट नंबर मोठी होतात. दंड मोठा आहे, २५० कोटीपर्यंत. पण गंमत अशी की हा कायदा डिजिटल डेटाचा, नुसतं कागदावर लिहिलेलं त्यात येतच नाही, ते नंतर कॉम्प्युटरात गेलं तरच येते. म्हणजे सुतळीवालं पेन कायद्यात एकदम फिट. मग संध्याकाळी काउंटरवरचा तोच पोरगा त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून "आजचे कस्टमर" म्हणून ग्रुपवर टाकते, ते वेगळं. त्याला काय माहीत तो आत्ता डिजिटल झाला म्हणून.

१८ वर्षाखालच्या लेकरांचा डेटा घ्यायला आईबापाची खात्रीशीर संमती लागन, असंही त्यात आहे. ती तर आपण देतोच, टॅबवर बोटानं. चौदा स्क्रीनचा फॉर्म, पोट्टं हात ओढून राह्यलं, मोजे घालायचे बाकी, आपण खालीखाली सरकवत "ॲग्री" दाबतो. त्यात हात मोडला तर आमची जबाबदारी नाही हेही असते आणि लेकराचा फोटो जाहिरातीत वापरू हेही. वाचत बसू नका, मागचे लोक शिव्या देतात.

फायदे पण बघा ना. वाढदिवसाला सकाळी सहा वाजता पहिला मेसेज त्यांचाच, सख्ख्या मावशीच्या आधी. तिथून आल्यावर आठ दिवसात मला बेसा आणि जामठ्याच्या प्लॉटचे फोन सुरू झाले, पोरगी पाचवीत असताना नीटच्या क्लासवाल्या मॅडमनी तिला नावानिशी विचारलं. नंबर कुठून मिळाला विचारलं तर "सर, डेटाबेस मधून." डेटाबेस म्हणजे जसं काही गोरेवाडा तलाव, ज्यानं त्यानं बादली बुडवून घ्यावी.

मी एकदा हिंमत केली. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, अरे २०२३ मध्येच ग्राहक मंत्रालयानं दुकानदारांना सांगितलंय, बिलासाठी मोबाईल नंबरचा हट्ट धरू नका म्हणून. तो शांतपणे बोलला, "सर, तुमचं बरोबर आहे, पण सिस्टम पुढे जात नाही." मी अडलो, तो अडला, लाइन थांबली. तेवढ्यात मागचे एक काका ओरडले, "काहून वाद घालून राह्यला भाऊ, टाक बे माझाच नंबर, लेकरं ताटकळून राह्यली!"

टाकला त्यानं. आता माझ्या पोरीच्या वाढदिवसाचं फ्री पिझ्झाचं कूपन दरवर्षी त्या काकांना जाते.