उत्तर: केक शिळा नव्हता, ताई

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला होता, पण तेव्हा लिहायला बसले असते तर भलतंच लिहून गेले असते म्हणून आज लिहितेय. लेकीच्या वाढदिवसाला एवढ्या पाहुण्यांसमोर केकवर पाण्याचे थेंब दिसले, हात लावला तर चिकट, आणि मागच्या बाजूला फॉन्डंटला (केकवर घालतो त्या साखरेच्या लाटलेल्या पोळीला) चुणी. सॉरी. मनापासून सॉरी, असं व्हायला नको होतं.

चुणीचं आधी सांगते, ती माझी चूक. ८ इंची केक, उंची ४ इंच असं ठरलं होतं, त्याला माथ्याचे ८ आणि दोन्ही बाजूंचे चार-चार मिळून १६ इंच, खाली जास्तीचं सोडायला दोनेक इंच, म्हणजे १८ इंचाची शीट लाटायची, त्या हिशोबाने मी गुलाबी फॉन्डंट रंगवून मळून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तुमचा मेसेज आला की एक लेयर वाढवा. केक गेला साडेपाच इंचावर, शीट लागणार २१ इंच, आणि मला वाटलं आहे त्यात भागेल, जरा पातळ लाटू. नाही भागलं. खाली मार्जिनच उरलं नाही की कडेच्या चुण्या उघडता येत नाहीत, कापड कमी पडलेल्या फ्रॉकचा घेर शिवायला बसल्यासारखं होतं. स्मूदर, म्हणजे फॉन्डंट गुळगुळीत करायची पट्टी, फिरवून फिरवून बघितला, शेवटी ती बाजू मागे घेतली. तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं किंवा जास्तीचं फॉन्डंट करायला हवं होतं. तिथे माझं तोंड बंद.

पण ताई तुम्ही लिहिलंय, "आदल्या दिवशीचा शिळा केक फ्रिजमधून काढून हातात दिला, म्हणूनच पाणी सुटलं." हे वाक्य मला झोपू देत नाहीये.

पाणी सुटलं म्हणजे केक शिळा असं नसतं हो. फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच, आणि साखर हवेतला ओलावा ओढून घेते. फ्रिजमधली थंडगार वस्तू बाहेरच्या गरम दमट हवेत आली की तिच्यावर थेंब जमतात, बर्फाच्या पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवा आणि बघा, तो ग्लास काय शिळा असतो का? ग्लासवर थेंब नुसते बसतात, इथे खाली साखर आहे म्हणून ती विरघळते, वर चकाकी येते आणि बोट लावलं की चिकटतं. अगदी सकाळी कव्हर केलेला केक फ्रिजमधून काढला तरी हेच होणार. हात न लावता पंख्याखाली ठेवला की आपोआप सुकतो, पुसायचा मात्र नाही, पुसला की डाग पडतात. (तुमच्या फोटोत डाव्या बाजूला टिश्यूचे ओरखडे दिसतायत, मी काही म्हणत नाही.)

आता तुम्ही म्हणाल फ्रिजमध्ये ठेवायचाच कशाला. नुसता गनाशचा, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या लेपाचा, केक असता तर मीही ठेवला नसता, मी बहुतेक फॉन्डंट केक फ्रिजबाहेरच ठेवते. तुम्हाला आत ताजी क्रीम आणि फळं हवी होती. ती बाहेर ठेवली असती तर केक खरोखर खराब झाला असता आणि मग हा रिव्ह्यू मी गपचूप ऐकून घेतला असता.

आणि आदल्या दिवशीचं म्हणाल तर हो, काम आदल्या दिवशी होतंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शुक्रवारी रात्री स्पंज भाजला. गरम स्पंजवर काहीच लावता येत नाही, वाफ आत अडकते. शनिवारी क्रीम-फळं भरली, मग बाहेरून गनाशचा पातळ हात देऊन केकचा सुटा भुगा बसवला, तो घट्ट झाल्यावर दुसरा जाड हात, कडा पट्टीने सरळ केल्या. हे रात्रभर सेट व्हावंच लागतं. घाई केली तर केक नंतर आतल्या आत बसतो, हवा बाहेर यायला बघते आणि फॉन्डंटच्या कडेला पोट सुटतं. रविवारी सकाळी सहाला उठून फॉन्डंट परत मळलं, लाटलं, लाटण्यावर घेऊन केकवर सोडलं, आधी वरचा भाग हाताने बसवला, मग बाजू वरून खाली. एक छोटा फुगा राहिला तो सुईने फोडला. गनाश आणि फॉन्डंटचं पांघरूण असलं की स्पंजला हवा लागत नाही, तो सुकतही नाही. तुम्हीच लिहिलंय की आतून मऊ आणि मस्त होता, मुलांनी दोनदा मागून घेतला. शिळा केक कोण दोनदा मागतं?

अजून एक, लिहू की नको करत होते, पण लिहिते. न्यायची वेळ सहाची ठरली होती. मी पाचला केक बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवणार होते, सहाला तुमच्या हातात कोरडा आला असता. तुम्ही सव्वाचारला आलात, खाली गाडी उभी, मुलगी रडत होती, तुम्हाला हॉल सजवायचा होता, मला समजतं. मी फ्रिजमधून काढून तसाच बॉक्समध्ये दिला. बॉक्स हॉलवर पोचल्यावरही दोन तास बंदच ठेवा, ओलावा बॉक्सवर बसेल केकवर नाही, हे मी नेहमी सांगते. तुम्हाला सांगितलं का ते मला खरंच आठवत नाही, त्या गडबडीत राहिलं असेल. राहिलं असेल तर तीही चूक माझीच धरा.

आता ह्या सूचना बॉक्सवर चिकटवायला एक कागद छापून घेणार आहे, ह्या आठवड्यात जमेल तसं. उंचीचे बदल किती दिवस आधी घ्यायचे त्याचंही काहीतरी ठरवतेय. ताजी क्रीम भरून वर फॉन्डंट, हे घ्यायचं की नाही त्याचाही विचार चालू आहे. पैशाचं काय करायचं ते फोनवर बोलू, इथे नको.

हे काम मी एकटी करते, घरातूनच. एक माणूस शिळा म्हणालं की पुढचे चार जण न विचारताच जातात. दोन स्टार दिलेत ते राहू द्या, चुणीचे मला मान्य आहेत. तो एक शब्द तेवढा बदलता आला तर बघा. आज आठनंतर फोन करा, तोपर्यंत हात कॉर्नफ्लोअरमध्ये असतील.